बिबट्याचा सिनेमा

कॅनडातल्या रेजिना शहराच्या थंडीबद्दल यादवरावांची तक्रार नव्हती. थंडी निदान दारात येऊन भेटते तरी, असं ते म्हणत. घरात सकाळी आठनंतर तेवढंही कुणी भेटत नसे. मुलगा राकेश सरकारी ऑफिसात, सून स्वाती युनिव्हर्सिटीत, नात अक्षरा शाळेत. खाली बेसमेंटमध्ये यादवराव, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी दोन वर्षांपूर्वी लागलेला बायकोचा, बेबीचा, आणि घर गरम ठेवायला थोड्या थोड्या वेळानं घरघरणारी फर्नेस.

बेबी होती तोवर नवरा-बायको मिळून या देशाला यथेच्छ नावं ठेवत. इथल्या कोथिंबिरीला वास नाही, इथल्या शेजाऱ्यांना तोंड नाही. एकट्यानं नावं ठेवण्यात कसली आलीय मजा? त्यामुळे हल्ली ते कॅनडाबद्दल बरं बोलू लागले होते, आणि राकेश ऑफिसात सांगत होता की बाबा आता छान रुळले. मुलांना आपल्या आईबापांबद्दल इतकं कमी कळतं, की कधीकधी त्यांची कीव येते.

अक्षराशी मात्र त्यांचा जुना दोस्ताना होता. यादवराव टेलिफोन खात्यातून रिटायर होऊन इकडे आले तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि तिला झोपवायचं काम त्यांच्याकडे आलं. राजकन्या आणि राक्षस त्यांना येत नव्हते. एक सिनेमा येत होता. तोच ते सांगत.

"जंगलातून हमालांची रांग चाललीय. पुढे गोरा शिकारी, एका डोळ्यावर पट्टी, खांद्यावर बिबट्याचं पिल्लू. मागे डोक्यावर पेट्या घेतलेले हमाल. शेवटून दुसरा, तो ईश्वरा. डावखुरा. कानामागं विडी. कमरेला आईनं बांधून दिलेली गुळाची दशमी. कड्यावर त्याचा पाय घसरतो आणि ओझ्यासकट तो खाली जातो. साहेब म्हणतो, चला. कुणी हलत नाही. एकेक जण ओझं खाली ठेवतो. साहेब ओरडतो, पिस्तूल काढतो. तरी कुणी हलत नाही. शेवटी साहेब हात टेकतो आणि विचारतो, कोण होता तो? नाव काय त्याचं? आणि सगळेच्या सगळे हात वर करून ओरडतात..."

"ईश्वरा!" पांघरुणातून चिमुकली अक्षरा ओरडायची. मग विचारायची, "आणि मग?"

"मग काय, लढाई. ती रोजचीच," असं म्हणून यादवराव दिवा घालवत.

हा सिनेमा त्यांनी स्वतः पाहिला होता, सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी, जत्रेच्या तंबूत, आठ-नऊ वर्षांचे असताना. एकदा नव्हे, ओळीनं तीन-चार जत्रांना, कारण तंबूवाल्याकडे इंग्रजी सिनेमा तेवढा एकच होता. नाव कुणाला ठाऊक नव्हतं. गावात त्याला 'बिबट्याचा सिनेमा' म्हणत. रीळ जुनं, दर वर्षी कुठं ना कुठं तुटायचं, तंबूवाला ते चिकटवायचा, आणि दर वर्षी सिनेमा थोडा आखूड व्हायचा.

इंग्रजी कळणार कुणाला? तंबूवाला कर्ण्याचा माइक यादवरावांच्या वडिलांच्या हातात द्यायचा. आबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जाऊन आलेले, तेव्हा त्यांना इंग्रजी येणारच, असं अख्ख्या गावाचं ठाम मत होतं. ज्यांच्या दारात आबांना पाणी वरून ओतून मिळायचं, तेही तंबूत दोन तास त्यांच्या शब्दावर कान लावून बसत. आबा पडद्याच्या उजव्या अंगाला उभे राहायचे. साहेबानं तोंड हलवलं की आबा ते मराठीत सांगायचे, आणि साहेबाचं तोंड मिटलेलं असलं तरी सांगायचे. तंबूत माणसं टाळ्या वाजवायची. 'ईश्वरा!' म्हणून हमालांच्या बरोबरीनं दोन-अडीचशे माणसं ओरडायची, आणि छोट्या यादवची छाती फुगायची, कारण हे सगळं त्याच्या बापाच्या तोंडून येत होतं.

एरवी आबा अबोल. लढाईबद्दल तर चकार शब्द नाही. फौजेत गेले खरे, पण हातात बंदूक कमी आणि डोक्यावर ओझंच जास्त. पोरांनी फारच लकडा लावला तर म्हणत, "चालत होतो. थांबायची परवानगी नव्हती." एवढ्यावर विषय संपायचा. आबांचं मौन ज्यांनी पाहिलं होतं, त्यांना तंबूतले आबा ओळखू आले नसते.

बायकांच्या बाजूला, मधल्या दोरीला अगदी लागून, सगुणाआत्या बसायची. वस्तीच्या टोकाला एकटीच राहणारी म्हातारी. तमाशा नाही, कीर्तन नाही, दुसरा कुठला सिनेमा नाही. बिबट्याचा मात्र ती चुकवत नसे. म्हातारीला बिबट्याचं पिल्लू आवडतं, असं पोरं म्हणायची. खेळ सुटल्यावर ती आबांच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी खायला ठेवायची आणि न बोलता निघून जायची. आबा ते घरी आणून यादवला देत. स्वतः तोंडाला लावत नसत. ही सांगण्याची बिदागी, असं यादव समजे. आणि बिदागी गोड असायची, म्हणून त्यानं पुढं विचार केला नाही.

तर अशी ती गोष्ट, आणि ती यंदाच्या हिवाळ्यात अचानक अडचणीत आली.

अक्षराला बारावीला सिनेमा हा विषय होता. यादवरावांच्या लहानपणी सिनेमा पाहिल्याबद्दल मार मिळे, इथं मार्क मिळतात. वर्गात युद्धाच्या काळातले जुने जंगलपट दाखवले, आणि सरांनी समजावलं की हे सगळे प्रचाराचे सिनेमे, एकाच साच्यातले. जंगलातला गोरा वीर आधी म्हणतो, हे युद्ध माझं नाही. मग शत्रू काहीतरी भयंकर करतो. मग वीर बंदूक उचलतो आणि जंगलातली माणसं त्याचा जयजयकार करतात. अक्षरानं हात वर करून सांगितलं की एक सिनेमा असाही आहे, ज्यात हमाल थांबतात. आपल्यातला एक मेला म्हणून साहेबाला पुढं जाऊ देत नाहीत. सर म्हणाले, त्या वर्षांत असा सिनेमा कुणी काढला असेल तर मला बघायलाच हवा. वर्ग हसला.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "आजोबा, व्हॉट्स इट कॉल्ड?"

"बिबट्याचा सिनेमा."

"नो, द रिअल नेम."

ते काही त्यांना सांगता येईना.

"बट इट्स रिअल, राइट? यू सॉ इट."

"अगं, या डोळ्यांनी बघितलाय."

"ओके," ती म्हणाली. "देन शो मी."

त्या 'ओके'नं यादवरावांची झोप उडवली. पोरगी ऑगस्टमध्ये दूर पश्चिमेला, बर्नाबीला शिकायला जाणार होती. त्या घरात त्यांचं पूर्ण वाक्य ऐकून घेणारी ती एकटीच. बेबी गेल्यापासून आपण बोललो ते कुणाच्या तरी कानात उतरलं, असं त्यांना फक्त तिच्याजवळ वाटायचं. आता जाता जाता तिनं त्यांना थापाड्या ठरवलं, तर उरलेल्या म्हातारपणात करायचं काय?

जवळच्या लायब्ररीत दर बुधवारी दुपारी ज्येष्ठांसाठी जुना सिनेमा दाखवत. तो कारभार मिसेस कोवालचुक बघायच्या. रिटायर्ड शिक्षिका, आजी-आजोबा युक्रेनहून येऊन यॉर्कटनकडे शेती करून गेलेले, आणि स्वतःला जुन्या सिनेमांचं वेड. यादवरावांनी त्यांना सगळ्या खुणा सांगितल्या. डोळ्यावर पट्टी, बिबट्याचं पिल्लू, मिशनची घंटा, कडा. त्यांनी मान डोलावली. काही आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. सापडला म्हणाल्या. त्रेचाळीस सालचा, कुणाच्या फारसा आठवणीतला नाही, पण पिल्लू आहे, घंटा आहे आणि कडाही आहे. यादवराव फोन ठेवून बेबीच्या फोटोकडे बघून हसले. कितीतरी दिवसांत ते असे हसले नव्हते.

मार्चमधला तो बुधवार. बाहेर अजून बर्फ. यादवरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि राकेशनं नको म्हणून सांगून ठेवलेलं असूनही ड्राइव्हवेवरचा बर्फ स्वतः उपसला. शाळा सुटल्यावर अक्षरा गाडी घेऊन आली. पाचला तिची ग्रोसरी स्टोअरमध्ये शिफ्ट होती. लायब्ररीच्या छोट्या हॉलमध्ये सहा म्हातारी माणसं कोट मांडीवर घेऊन बसली होती. आजोबा आणि नात पुढच्या रांगेत बसले.

सिनेमा सुरू झाला आणि यादवरावांना गहिवरून आलं. तोच साहेब. तीच पट्टी. खांद्यावर तेच पिल्लू, आणि या वेळी रीळ कुठंच तुटलेलं नव्हतं. त्यांनी अक्षराला कोपरानं ढोसलं. तिनंही हसून मान हलवली.

फक्त एक गोष्ट चमत्कारिक होती. साहेब बोलत होता. इतकी वर्षं यादवरावांच्या डोक्यात तो साहेब आबांच्या आवाजात, सातारी मराठीत बोलत आला होता. आता तो जाडसर अमेरिकन आवाजात बोलू लागला, आणि बोलत होता ते भलतंच होतं. शत्रूचे सैनिक विमानांसाठी कसला तरी धातू शोधत जंगलात शिरलेले. साहेब म्हणतो, तुमचं भांडण तुम्ही बघा, जंगल कुणाच्या बाजूचं नसतं. मग शत्रू मिशनचा दवाखाना जाळतो, घंटा कोसळते. मग साहेब हत्यारांच्या पेट्या घेऊन निघतो. मागे हमालांची रांग.

"आता बघ," यादवराव कुजबुजले. "शेवटून दुसरा."

कडा आला. शेवटून दुसऱ्याचा पाय घसरला. तो पेटीसकट गेला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गेला. त्याचा चेहरासुद्धा नीट दिसला नाही. साहेब वळून ओरडला, "द क्रेट! गेट द क्रेट!" दोर सोडून दोघा हमालांनी पेटी वर ओढून घेतली. रांग चालू लागली.

यादवराव वाट बघत राहिले. कुणी ओझं खाली ठेवलं नाही. पुढच्या दृश्यात तळ पडलेला, हमाल जमिनीवर बसलेले. साहेब त्याच पेटीवर चढला आणि भाषण करू लागला. हे युद्ध आता आपलंही आहे, स्वतंत्र माणसाला यातून अंग काढून घेता येत नाही, बोला, आहात का माझ्याबरोबर? आणि सगळेच्या सगळे हमाल उभे राहिले, हात वर करून आनंदानं ओरडले. काय ओरडले ते कळलं नाही. नुसता आवाज होता. मग लढाई झाली, शत्रू मेला, पिल्लानं साहेबाचा गाल चाटला, आणि पडद्यावर अक्षरं आली, की युद्धखर्चासाठीचे सरकारी बाँड याच थिएटरात विकत मिळतील.

दिवे लागले. मिसेस कोवालचुकनी नेहमीप्रमाणे दोन शब्द सांगितले. म्हणाल्या, त्या हमालांकडे लक्ष दिलंत? त्यांना अख्ख्या सिनेमात एक वाक्य नाही. ओझं उचलायचं आणि जयजयकार करायचा. दूर दूरच्या देशांतली माणसं या युद्धात खुशीनं आली, असं लोकांना वाटायला हवं होतं ना. त्यांना कुणी विचारलं होतं का, ते सिनेमात नसतं. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, कोट चढवले आणि जपून पावलं टाकत ते आपापल्या गाड्यांकडे गेले.

अक्षरानं जॅकेट चढवलं. मग हळूच म्हणाली, "आजोबा, देअर इज नो ईश्वरा."

"होता."

"इट्स ओके. यू वर एट. पीपल रिमेंबर थिंग्ज राँग." तिनं त्यांच्या हातावर थोपटलं. "मी सरांना काही नाही सांगणार. आय'ल गो वॉर्म अप द कार."

ती किल्ली घेऊन बाहेर गेली. यादवरावांना वाटलं, हिनं भांडायला हवं होतं. थापा मारता म्हणून चिडायला हवं होतं. हे थोपटणं म्हणजे म्हाताऱ्याला दिलेली माफी, आणि ती त्यांना नको होती. मग त्यांना आबांचा राग आला. 'हॉल्ट', 'फॉल इन' आणि 'मेस टिन' एवढ्या फौजी इंग्रजीच्या भांडवलावर या माणसानं सगळ्या गावाला बनवलं, पोटच्या पोराला बनवलं, आणि ती लबाडी पोरानं नातीपर्यंत पोचवली. पंचाहत्तरीला आलेला माणूस बापावर रुसून रिकाम्या हॉलमध्ये बसला होता, आणि त्याची समजूत काढायला कुणी नव्हतं.

मिसेस कोवालचुक वायर गुंडाळायला आल्या.

"एक मिनिट," यादवराव इंग्रजीत म्हणाले. "तो कड्याचा भाग परत लावता येईल? आवाज बंद करून?"

त्यांनी तो भाग लावून आवाज बंद केला. दिवे मालवले आणि मागे खुर्चीत बसल्या.

यादवराव उठले आणि पडद्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले. आपण काय करतोय हे त्यांनाही पुरतं ठाऊक नव्हतं. रांग दिसली आणि तोंडातून शब्द येऊ लागले, आबांच्या हेलात, आबांच्या घाईत. "हां, आता बघा मंडळी, शेवटून दुसरा. ह्यो ईश्वरा. डावखुरा गडी. कानामागं विडी. कमरेला आईची गुळाची दशमी, अजून सोडली न्हाय त्यानं, मुक्कामावर खाईन म्हनला. जपून रं ईश्वरा! जपून!"

तो गेला. साहेबानं तोंड उघडलं. "साहेब म्हनतो, चला! पन कोन चालतंय? बघा बसले समदे. ठिवलं वझं खाली. साहेब चढला पेटीवर, लई वरडतोय. हिथनं कुनी हलनार न्हाय साहेब! आदी नाव इचार त्याचं! इचारलं का? इचारलं! आता सांगा रं समदे..."

हमाल उभे राहिले. त्यांनी हात वर केले. तोंडं उघडली.

"ईश्वरा!" यादवराव ओरडले.

तंबूत या हाकेला दोन-अडीचशे गळे असायचे. इथं त्यांचा एकट्याचा आवाज भिंतीला लागून परत आला. त्यांना फार एकटं वाटलं. आणि मग ते थांबले, कारण या जागी आबा थांबत. ओरडा झाला की आबा माइक खाली घेत आणि गप्प होत. दम घेत असतील, घसा कोरडा पडला असेल, असं छोट्या यादवला वाटे. पण आबा दम घेताना मान वळवत. दोरीच्या पलीकडे, बायकांच्या बाजूला बघत.

यादवरावांची मान त्याच बाजूला वळली. तिथं एक रिकामी खुर्ची होती.

तिथं सगुणाआत्या असायची. अख्खा तंबू ओरडायचा तेव्हा ती ओरडत नसे. पदर नीट करायची आणि आबांकडे बघून एकदा मान हलवायची. मगच आबा माइक वर घेत. आणि खेळ सुटल्यावर फडक्यात जे असायचं, ती दशमी असायची. गुळाची. आबांच्या घशाखाली जी कधी उतरली नाही, ती.

"आजोबा?" दारात अक्षरा उभी होती. कधीपासून, कोण जाणे. "हू आर यू लुकिंग ॲट?"

"ईश्वराच्या आईकडे," यादवराव म्हणाले. आणि आपण काय बोललो ते स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर त्यांना कळलं.

ते जवळच्या खुर्चीत बसले. "आबांना थांबू दिलं नव्हतं गं," ते म्हणाले. "चालत होतो म्हणायचे. थांबायची परवानगी नव्हती. एवढंच सांगायचे. एरवी तंबूबाहेर तिच्यासमोर तिच्या पोराचं नाव कुणी काढत नसे, मग आम्हा पोरांना कसं ठाऊक असणार? आणि इकडं आबांनी सगळा सिनेमा थांबवून ठेवला होता. तिच्यासाठी. दर जत्रेला." ते रडले, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"सो ही वॉज रिअल?"

"होता. आमच्याच वस्तीतला. आबांबरोबर ब्रह्मदेशात गेला असणार, परत आला नाही. मलाही आत्ता कळलं."

मिसेस कोवालचुकना यातला एक शब्द समजला नव्हता, पण त्यांनी रिमोटनं सिनेमा थांबवून धरला होता. पडद्यावर हमाल हात वर करून तसेच थांबले होते.

"जा तू," यादवरावांनी डोळे पुसले. "तुझी शिफ्ट आहे."

"थांबतील ते," अक्षरा मराठीत म्हणाली. तिनं जॅकेट काढलं, येऊन त्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि मागे वळली. "कॅन यू प्ले इट अगेन, प्लीज? आय वॉज लुकिंग ॲट द गाय विथ द गन. मी ईश्वराकडे बघितलंच नाही."

यादवराव उठले आणि पुन्हा पडद्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले.